देवळे हलवली, पण बुडालेल्या नदीकाठाचे काय?

भीमाकाठ (प्रश्न):
उजनीचे पाणी फार उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. मागे एकदा ते पाहायला गेलो असता भोवतालच्या चिखलात जुनी खापरे विखुरलेली दिसली. धरण भरण्यापूर्वी अशा काठाची पाहणी कशी करतात, आणि देवळे हलवली तरी मागे काय राहते?

पांढरीची माती:
पाहणी गावाच्या पांढरीपासून सुरू करावी. राख, शेण आणि ढासळलेल्या मातीच्या भिंती यांचे थर साचून झालेली ती जमीन काळ्या रानात लांबूनही ओळखू येते. नांगरट झाली की ओळीने चालत खापरे, गारगोटीची पाती, मणी टिपून प्रत्येकाची जागा नकाशावर मांडतात. पूरमैदानात मात्र एवढ्याने भागत नाही, कारण गाळाखाली गाडलेली वस्ती वरून कळत नाही. त्यासाठी ओढ्यांच्या घळी, विहिरींच्या कडा आणि नदीने कापलेल्या दरडी तपासाव्या लागतात, आणि दरडीत राखेची करडी रेघ दिसली तर तिथे थांबलेच पाहिजे. भीमेलाच मिळणाऱ्या घोड नदीकाठी, इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. असे घर उचलून नेता येत नाही.

कृष्णाखोरे:
नागार्जुनकोंड्याचे उदाहरण पाहावे. कृष्णेवरच्या नागार्जुनसागर धरणात बुडणाऱ्या, सुमारे २३ चौरस किलोमीटरच्या त्या दरीत १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली शंभरावर ठिकाणी उत्खनन झाले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष तिथे मिळाले आणि इक्ष्वाकू राजघराण्याची राजधानी विजयपुरी उलगडली. नऊ वास्तू पाण्याबाहेर राहणाऱ्या टेकडीवर पुन्हा उभारल्या. हे काम थोरच आहे. पण बौद्ध भिक्षूंच्या विहारापासून नदीच्या घाटापर्यंत माणसे कशी चालत असतील, हे आज त्या वेळच्या नकाशांवरूनच समजून घ्यावे लागते.

पांढरीची माती:
पाणी दरवर्षी चढते-उतरते तेव्हा लाटांनी माती धुऊन जाते, निरनिराळ्या थरांतली खापरे एकत्र येऊन पडतात. म्हणून ती उचलू नयेत. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

भीमाकाठ:
मी त्या दिवशी दोन तुकडे घरी आणले. ते देवळाच्या कोणत्या अंगाला पडले होते, हे आता मला आठवत नाही, याचे फार वाईट वाटते.