आडनाव एक, सनदा वेगळ्या: ब्रिटिश उमराव एकाच यादीत लावावेत का?

बखरवाचक
आडनावावरून ब्रिटिश उमरावांची यादी करताना वंशपरंपरागत आणि हयातीपुरती पदं एकत्र लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एका आडनावाखाली चार नावं दिसली की वाचणारा घराणंच समजतो. हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले पटेल बघा: नरेंद्र (१९९९), अ‍ॅडम (२०००), कमलेश (२००६). तिघांचीही पदं १९५८ च्या कायद्याखालची, हयातीपुरती. घरं तीन. पहिल्याचा किताब नुसता ‘बॅरन पटेल’. पुढचं ‘ऑफ डन्केल्ड’ स्वल्पविरामानंतर येतं, ते किताबात धरत नाहीत. नंतरच्या दोघांना मात्र घोटाळा टाळायला ‘ऑफ ब्लॅकबर्न’ आणि ‘ऑफ ब्रॅडफर्ड’ किताबातच घ्यावं लागलं. हा स्वल्पविराम याद्यांमधून सर्रास गळतो.

तळटीप
साफ असहमत. याद्या तोडल्यात तर हॉग घराणं कसं दाखवणार? क्विंटिन हॉग यांनी १९६३ मध्ये वडिलोपार्जित हेल्शम व्हायकाउंटपद सोडलं आणि १९७० मध्ये ‘हेल्शम ऑफ सेंट मेरिलेबोन’ म्हणून हयातीपुरते बॅरन झाले. पद सोडणं त्या माणसापुरतंच असतं, वारसाचा हक्क त्याने जात नाही. म्हणून २००१ मध्ये ते वारले तेव्हा बॅरनपद संपलं, पण व्हायकाउंटपद मुलगा डग्लसकडे आलं. १९९९ नंतर नुसत्या वारशाने सभागृहात जागा मिळत नव्हती, म्हणून २०१५ मध्ये डग्लस यांनाही हयातीपुरतं पद मिळालं. त्यांच्या पत्नी सारा १९९५ पासूनच स्वतःच्या हक्काने बॅरोनेस हॉग. ‘हेल्शम’ या किताबात आडनाव कुठे दिसतं? हे सगळं जुळतं ते फक्त ‘हॉग’खाली.

बखरवाचक
हॉगचं मान्य, पण ‘रसेल ऑफ किलोवेन’ बघा. आजोबा १८९४, मुलगा १९२९, नातू १९७५. वारसा वाटतो ना? तिघेही १८७६ च्या कायद्याखाली हयातीपुरते नेमलेले न्यायाधीश, दर वेळी सनद नवी. १९०० मध्ये आजोबा गेले ते १९२९ पर्यंत हा किताब अस्तित्वातच नव्हता. एकत्र यादीत नातू तिसरे बॅरन होऊन बसतात, आणि तिघेही अर्ल रसेल (१८६१) या वेगळ्याच किताबाच्या ओळीला चिकटतात ते निराळंच.

तळटीप
तो दोष यादी एकत्र असण्याचा नाही, रकाना गाळण्याचा आहे. प्रत्येक नावापुढे सनदेचं वर्ष आणि वारसाची अट लिहा: ‘पुरुष वारस’ की ‘हयातीपुरतं’. हयातीपुरत्या नावामागे ‘पहिले’, ‘दुसरे’ लावूच नका. किलोवेनचे तिघे तीन स्वतंत्र ओळींत येतील.

बखरवाचक
रकाना असेल तर एकत्र चालेल. मात्र पटेलांसाठी ‘नातं नाही’ हे त्याच ओळीत हवं, पानाच्या तळाशी नको.