मदत हवी आहे: टॅली-एक्सेलवालीने पायथन कुठून शिकावं? (२बी मॅचिंगसाठी)

हिशेबवाली:
नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात अकाउंट्स बघते. दर महिन्याला १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी (विकणाऱ्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि २० च्या आत ३बी (महिन्याचं रिटर्न) भरायचं, म्हणजे मधले पाच-सहा दिवस खरेदी रजिस्टर आणि २बी बिल टू बिल जुळवत बसायचं. सूतवाले, सायझिंगवाले, स्पेअर पार्ट, ट्रान्सपोर्ट, सगळ्यांची बिलं. व्हीलुकअप (एक्सेलमधला शोधायचा फॉर्म्युला) लावते पण पार्टीने ००४५/२४-२५ असा नंबर टाकलेला असतो, आमच्याकडे टॅलीत नुसता ४५, की झालं, खालपर्यंत एनए एनए एनए (म्हणजे सापडलं नाही). मग बसा डोळे फोडत.

भाचा म्हणतो, मावशी पायथन शिक, दोन मिनिटांचं काम आहे (त्याला सगळंच दोन मिनिटांचं वाटतं). म्हणून एका प्लॅटफॉर्मवर डेटा सायन्सचा कोर्स लावला, शिकवतात चांगलं, पण आत्तापर्यंत टायटॅनिकवरचे किती लोक वाचले आणि कुठल्या फुलाची पाकळी किती लांब एवढंच चाललंय आणि पुढे मशीन लर्निंग आहे. मला टायटॅनिकचं काय करायचंय, माझं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बुडायला नको!

तर हा कोर्स पूर्ण करू का अर्धाच सोडून दुसरं काही धरू? एनपीटीईएलचं (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) पण नाव ऐकलंय, त्याच्या सर्टिफिकेटचा उपयोग होतो का? लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. इंग्लिश वाचायला अडचण नाही, फास्ट बोललं की मागे पडते.

खर्डेघाशा:
ताई, डेटा सायन्स सध्या बाजूला ठेवा. तुमचं काम दोन याद्या जुळवायचं आहे, त्याला मशीन लर्निंग लागत नाही. आधी एक्सेलमधलंच पॉवर क्वेरी (डेटा साफ करून जुळवायची सोय) शिका. २०१६ पासून ते एक्सेलमध्येच येतं, डेटा टॅबवर 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' बघा. २०१० किंवा २०१३ असेल तर वेगळं अ‍ॅड-इन टाकावं लागतं. दोन्ही याद्यांमध्ये बिल नंबर साफ करायचा, म्हणजे वर्षाचा भाग आणि तिरक्या रेषा काढायच्या, पुढची शून्यं उडवायची, मग पार्टीचा १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) आणि साफ नंबर चिकटवून एक कॉलम करायचा आणि त्याच्यावर मर्ज (म्हणजे दोन याद्या त्या कॉलमवरून जुळवणं), जॉइन 'फुल आऊटर' ठेवायचं म्हणजे इकडे आहे तिकडे नाही ते दोन्ही बाजूंचं दिसतं. एकदा बसवलं की पुढच्या महिन्यात नवी फाईल टाकून रिफ्रेश.

बिनधास्त_बाई:
खर्डेघाशांशी सहमत, पण पायथनची हौस असेल तर सोडू नका हो. एनपीटीईएलवर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' आहे, १२ आठवड्यांचा, अगदी पहिल्यापासून शिकवतात. व्हिडिओ फुकट, मागे पडलात तर स्पीड कमी करा. पैसे फक्त परीक्षेचे, आणि ती घरून नाही, सेंटरवर जाऊन द्यावी लागते, मार्कांत असाइनमेंट २५ टक्के आणि परीक्षा ७५ टक्के. नोकरी बदलायची असेल तर द्या, नाहीतर माझ्या मते गरज नाही, तुमच्या मालकांना काम झालेलं दिसलं म्हणजे बास. मराठीत ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, छोटे छोटे व्हिडिओ, बघत बघत शेजारी करून बघायचं.
रॅमची काळजी नको, गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, कोड त्यांच्या मशीनवर पळतो. फक्त ऑफिसचा डेटा तिथे अपलोड करायच्या आधी मालकांना विचारा, शिकताना खोटी बिलं टाकून करा. नंतर पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) मर्ज शिकलात की वरचंच काम तिथे होतं, त्यातला इंडिकेटर हा पर्याय चालू ठेवला की कुठली ओळ कुठल्या फाईलमधली ते पण कळतं.

हिशेबवाली:
दोघांचे आभार! ऑफिसला २०१९ आहे म्हणजे पॉवर क्वेरी आहेच, इतकी वर्षं त्या टॅबवरून गेले पण बघितलंच नव्हतं. एक शंका, २बी मध्ये क्रेडिट नोट (पार्टीने बिलाची रक्कम कमी केल्याच्या) वेगळ्या शीटवर असतात आणि आमच्या रजिस्टरला एकत्रच, मायनसमध्ये. आधी मर्ज करू का आधी त्या बिलांच्या यादीखाली जोडू?

खर्डेघाशा:
आधी जोडा. त्या शीटच्या रकमा मायनस करून बी२बी च्या (२बी मधल्या नेहमीच्या बिलांच्या) यादीखाली अपेंड, म्हणजे खाली जोडा, मग मर्ज. आणि हो, २बी च्या शीटमध्ये वरती शीर्षकाच्या ओळी आणि मर्ज केलेले सेल असतात, त्या पहिल्या स्टेपलाच काढून टाका नाहीतर कॉलमची नावं गंडतात.