चिंध्यांची सतरंजी कमरेत बारीक होतेय, कुठे चुकतंय?

ओटल्यावरची (इंदूर)

राजेंद्रनगरात राहते, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. माळ्यावर सासूबाईंची लाकडी बाज पडून होती. कुजलेली नवार काढून टाकली आणि त्या चौकटीचाच माग केला. डोक्याकडून पायाकडे जाड सुती दोरी अर्ध्या-अर्ध्या इंचावर गुंडाळली, हा ताणा. बाण्याला, म्हणजे आडव्या विणीला, घरातल्या चिंध्या: ह्यांचे कॉलर विरलेले शर्ट, मुलाचे टी-शर्ट, माझे दोन पंजाबी ड्रेस. पट्ट्या दीड इंची. गाठी मारत नाही. दोन्ही टोकांना काजं पाडून एकातून दुसरी ओवली की सांधा चपटा बसतो. (हे मला सुचलं म्हणून मिरवत होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, आम्ही लहानपणापासून असंच करतो.)

आता दुखणं. सुरुवातीला रुंदी ३० इंच. दीड फूट विणून टेप लावला तर २४! ह्यांनी चहाचा कप हातात घेऊनच बघितलं आणि म्हणाले, "डमरू छान जमलाय."

दुसरं म्हणजे सासूबाईंचं एक महेश्वरी लुगडं आहे. इतकं विरलंय की गोधडीलाही टिकणार नाही. आठ मीटर लांब, उभं फाडलं तर तीसेक पट्ट्या, म्हणजे जवळजवळ अडीचशे मीटर. पण त्यांच्या लुगड्यावर पाय द्यायचा? हात धजत नाही.

साळखाता (इंदूर)

ताई, वडिलांचा जन्म मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात गेला, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो. पट्टी दोऱ्यांच्या वर-खाली जाते, त्यामुळे तिला सरळ अंतरापेक्षा जास्त लांबी लागते. तुम्ही ती तंग टाकताय. मग ठोकल्यावर कमी पडलेली लांबी ती काठाकडून ओढून घेते. दर ओळीत थोडी थोडी, म्हणून लगेच कळत नाही. पट्टी टाकताना मध्ये डोंगर ठेवा, ३० इंचाला चार-पाच इंच उंच. तो बोटांनी जागोजागी दाबून लहान लहान टेकड्या करा आणि मगच ठोका. आपल्या मध्य प्रदेशातल्या जोबटकडे सतरंज्या विणणारे लोखंडी पंजाने ठोकतात. घरी जेवणाचा काटा चालेल.

शिवाय दोन्ही बाजूंना, शेवटच्या दोरीला लागून, एकेक सळई बांधा. पट्टी वळवताना सळईसकट वळवायची. सळई वाकत नाही, म्हणून काठही आत येत नाही. शेवटी ओढून काढा. विणलेलं मात्र उसवावं लागेल, त्याला इलाज नाही.

बडोदेकर

डोंगर न ठेवण्याबरोबर टी-शर्टचाही दोष आहे. होजियरीची पट्टी विणताना ताणली जाते, हात सोडला की आखडते. तिची वेगळी सतरंजी करा, सुती शर्टांत मिसळू नका. टेरिकॉटही वेगळं. आणि सगळं आधी धुवून घेतलंय ना? नाहीतर पहिल्याच धुण्यात सुती आटेल, बाकीचं तसंच राहील आणि मध्ये पोक येईल. गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. माझ्या एका बांधणीच्या ओढणीने सगळ्या पांढऱ्या पट्ट्या गुलाबी केल्या होत्या.

लुगड्याचं म्हणाल तर मी आईच्या पातळाचं सरळ पायपुसणं केलं. ट्रंकेत कसर लागण्यापेक्षा बरं.

रोखठोक

बाजारात दोनशे रुपयांत पायपुसणं मिळतं. एवढी उठाठेव कशाला?

ओटल्यावरची (इंदूर)

रोखठोक, आणलं होतं. खालचं रबर विरघळून फरशीला असं चिकटलं की सुरीने खरवडावं लागलं. तुम्ही या कधी, डाग दाखवते.

साळखाताभाऊ, उसवलं. दीड फुटाला आठ दिवस लागले होते, उसवायला पाऊण तास. टी-शर्ट बाजूला काढले. सळया नव्हत्या, म्हणून पडद्याचे रॉड बांधलेत. सध्या हॉलची खिडकी उघडीच आहे. डोंगर ठेवायला हात ऐकत नव्हता, इतकी वर्षं मुलींना शिवण शिकवताना "दोरा नीट ओढा" हेच सांगत आले ना. काल एक फूट झालं. टेप लावला: साडेएकोणतीस!

लुगड्याचे काठ सोडवून ठेवले, ते सुनेला देईन. उरलेलं फाडायला एक टोक ह्यांनी धरलं, एक मी. पहिला चर्र आवाज झाला आणि दोघंही थांबलो. मग ह्यांनीच म्हटलं, "ओढ. पण खाली नको हं, झोपाळ्यावर घालू. आई तिथेच बसायची."

फळी २० इंच रुंद आहे. अर्धा-पाऊण इंच आत जाणारच, तेव्हा ताणा २१ चा लावते.