रात्री कोणी नसताना मोडेम आपोआप डायल करतो, डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधायची सोय) घोळ?

प्रेसवाला_सांगली: मंडळी मदत करा. प्रेसमध्ये जुन्या पेंटियमवर लिनक्स टाकलंय, त्यावर पीपीपीडी (मोडेमवरून नेट जोडणारा प्रोग्रॅम) डिमांड मोडमध्ये, म्हणजे गरज पडली की आपोआप डायल, शिवाय बाइंड (डीएनएसचा नेमसर्व्हर) आणि सांबा (विंडोज मशीनशी फाइली शेअर करायला), मागं विंडोज ९८ ची ४ मशीनं. आयडल (लाइन रिकामी राहिली की किती वेळानं तोडायची) ३०० सेकंद दिलंय, ५ मिनिटांनी लाइन कट होते बरोबर, पण थोड्या वेळानं मोडेम परत किर्रर्र करतो, रात्री २ ला पण! तेव्हा एकच पीसी चालू असतो. घर वरच्या मजल्यावर, बाबा वैतागलेत, आणि फोनचं बिल तर विचारूच नका. नेमसर्व्हर बंद केला की सगळं शांत.

जुनाखोडरबर: नेमसर्व्हरला शिव्या नको देऊ, तो नुसता निरोप्या. त्याला कोणीतरी नाव विचारतं, त्याला माहीत नसतं, तो बाहेर विचारायला निघाला की पीपीपीडी डायल करणारच ना. क्वेरी लॉग चालू कर, कोण काय विचारतंय ते आयपीसकट दिसेल.

प्रेसवाला_सांगली: बघितलं. एक १५.१.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा (१९२.१६८.१.१५ या आयपीचं नाव काय, असा उलटा प्रश्न) आणि दुसरं प्रेसपीसी२, आणि दोन्ही विचारणारा १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हर स्वतःच?? पीसी२ तर रात्री बंद असतो.

जुनाखोडरबर: बंद असतो म्हणूनच रे. चालू पीसीवर पीसी२ चा ड्राइव्ह मॅप केलेला (नेटवर्कवरून जोडलेला) असणार, तो चालू पीसी सांबाच्या विन्सला (विंडोज मशीनच्या नावांची नोंद) नाव विचारतो, तिथं सापडत नाही मग एनएमबीडी (सांबाचाच नावं बघणारा प्रोग्रॅम) तेच नाव डीएनएसकडं ढकलतं. सांबात डीएनएस प्रॉक्सी = नो लिही. आणि १९२.१६८.१ चा रिव्हर्स झोन (आयपीवरून नाव सांगणारी यादी) घरच्या घरी बनव, आतल्या मशीनचं नाव बाहेरच्या सर्व्हरला कुठून ठाऊक असणार.

खटपट्या: माझं पण एक विचारतो, डायल होतो पण पहिलं पेज कायम फेल, रिफ्रेश मारलं की येतं?

जुनाखोडरबर: मोडेम जोडेपर्यंत ३०-४० सेकंद जातात, डीएनएसची विचारणा त्याआधीच कंटाळून सोडून देते. त्याला इलाज नाही, रिफ्रेश मारत जा. बाइंडच्या फॉरवर्डर्समध्ये (विचारणा कोणाकडं पुढं पाठवायची ते) आयएसपीचे (नेट देणाऱ्या कंपनीचे) डीएनएस आणि खाली फॉरवर्ड ओन्ली (फक्त त्यांनाच विचार) टाकलंस तर निदान लाइन जोडल्यावर रूट सर्व्हरपासून (डीएनएसच्या मुळाशी असलेले सर्व्हर) सगळीकडं हिंडत बसणार नाही.

प्रेसवाला_सांगली: सांबातलं आणि रिव्हर्स झोनचं दोन्ही केलं, भारी फरक! पण तासाला एकदा अजून डायल होतोच, घड्याळ लावल्यासारखा.

जुनाखोडरबर: सेंडमेल (मेल पाठवणारा प्रोग्रॅम) चालू आहे का? मेलक्यू मारून बघ, रांगेत अडकलेल्या मेल दिसतील.

प्रेसवाला_सांगली: हो की, गिऱ्हाइकाचा पत्ता चुकीचा टाईप केलेली एक मेल मंगळवारपासून अडकलीय. उडवली. आता क्यू तासाला न चालवता आयपी-अप स्क्रिप्टमधून (लाइन जोडली की आपोआप चालते ती) चालवतो, लाइन जोडलेली असेल तेव्हाच.