पीएस५ घेतोय: डिस्कवाला की डिजिटल?

माशेल_ते_वेर्णा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या बोनसातून पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) घ्यायचा हे नक्की झालंय. घर माशेलला, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. घरी धाकटा भाऊ बारावीला आहे आणि सुट्टी पडली की वाळपईहून मामेभाऊ येतात, त्यामुळे एका मशीनवर खेळणारे चार-पाच जण.

अडलंय ते डिस्क ड्राइव्हपाशी. डिजिटलवाला, म्हणजे ड्राइव्ह नसलेला, ज्यावर फक्त डाउनलोड केलेले गेम चालतात, काही हजारांनी स्वस्त पडतो. दुकानदार म्हणाला, आता सगळे डाउनलोडच करतात, डिस्क कोण घेतो. पण आमचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं, आणि पावसात माडाची झावळी वायरवर पडली की केबलवाला येईपर्यंत सगळं बंद. दुसरीकडे एक मित्र सांगतो की गोव्याच्या हवेत डिस्कना बुरशी येते, पैसे पाण्यात जातील.

बाबा वेगळंच विचारतात: "पाच हजार मोजायचे आणि हातात काहीच यायचं नाही?" नव्या गेमची किंमत पाच हजारांच्या घरात असते, म्हणून त्यांचं म्हणणं मलाही पटतं. आम्ही जास्त करून कथेचे गेम खेळतो, आणि भावाबरोबर फुटबॉल. अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळणं जवळपास नाहीच. अनुभवी लोकांनी सांगा.

रात्रपाळी_पर्वरी

डिजिटल घे. माझ्याकडे तोच आहे आणि मी समाधानी आहे.

मी रात्रपाळी करतो. सकाळी घरी आलो की मुलगी शाळेत जाईपर्यंत हॉलमध्ये आवाज करता येत नाही, मग मिळेल त्या तासाभरात खेळायचं. चार गेम आधीच मशीनवर असतात, हवा तो उघडायचा. फ्लॅट लहान, डब्या ठेवायला कपाट नाही. आणि मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा घरात डिस्क असती तर त्यांचं काय झालं असतं हे प्रत्येक आईबापाला कळेल.

पैशाचं म्हणशील तर मी नवा गेम आला त्या दिवशी कधीच घेत नाही. आवडीच्या यादीत टाकून ठेवतो. सेल लागला की निम्म्या किमतीत, कधी त्याहून कमीत मिळतो. एक लक्षात ठेव: प्लेस्टेशनच्या दुकानात घेतलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. त्यामुळे विचार करून बटण दाब.

डिस्क घेतली की मशीनमधली जागा वाचते असं काही जण समजतात. वाचत नाही. पीएस५ वर डिस्कचा गेमही पूर्ण एसएसडीवर, म्हणजे मशीनच्या आतल्या साठवणीत, उतरतो. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलेले असतात, प्रत्यक्ष वापरायला ६६७ च्या आसपास मिळतात. डिस्क असो वा नसो, जागा तेवढीच लागणार.

वाचनालय_डिचोली

डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी काम करते आणि प्लेस्टेशन २ च्या काळापासून गेम खेळते. वस्तू जपणं आणि ती दुसऱ्याच्या हाती देणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो प्रश्न अगदी योग्य आहे. डिजिटल गेमला पैसे भरल्यावर आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय: ऑनलाइन दुकानाला 'खरेदी करा' म्हणायचं असेल तर हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाने तर ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ घातली. हा परवाना विकता येत नाही आणि भावाच्या नावावर करता येत नाही. बाबांना हे असंच सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पण डिस्क हातात आली म्हणजे गेम आपला झाला असंही धरून चालू नकोस. काही डिस्कवर संपूर्ण गेम असतो. पीएस५ च्या ब्लू-रेवर (त्याच्या गेमची डिस्क याच प्रकारची असते) १०० जीबीपर्यंत मावतं, डिस्क घातली, उतरवून घेतला, इंटरनेटची तार काढून ठेवली तरी खेळता येतं. काही डिस्क मात्र नुसती किल्ली असतात. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू'च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळा गेम डाउनलोड करायचा. आणि काही गेम कंपनीच्या सर्व्हरवरच जगतात. सोनीचा ऑनलाइन गेम 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सोनीने सगळ्यांचे पैसे परत केले हे चांगलं केलं, पण डिस्क घेणाऱ्याच्या हातात आता फक्त डिस्क आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम २०१४ पासून लोक खेळत होते, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे डिस्कवाले आणि डाउनलोडवाले दोघेही एकदमच बाहेर. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

म्हणून डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची. डाउनलोड आवश्यक, सततचं इंटरनेट आवश्यक असं काही लिहिलंय का ते बघायचं. 'डझ इट प्ले' नावाचा एक गट आहे, ते लोक गेमच्या डिस्क इंटरनेटशिवाय चालवून बघतात आणि निकाल सगळ्यांसाठी मांडतात. गेम घेण्याआधी तिथे नाव शोधायची सवय लावून घे.

आता माझं खरं म्हणणं. मला डिस्क हवी असते ती कपाटात मिरवायला नव्हे. ती दुसऱ्याला देता येते म्हणून हवी असते. आमच्या वाड्यावर, पुढे मये, पिळगाव, नार्वे इथल्या भाचरांकडे आणि त्यांच्या मैत्रिणींकडे माझ्या डिस्क फिरतात. वाचनालयात ठेवतो तशीच घरी एक वही आहे: नाव, गेम, नेल्याची तारीख. एक फुटबॉलचा गेम तर एका घरून दुसऱ्या घरी असा गेला की पावसाळाभर माझ्याकडे आलाच नाही, आणि मला त्याचा आनंद झाला. ज्या घरात एका गेमला पाच हजार देणं शक्य नाही तिथलं पोरही तो गेम शेवटपर्यंत खेळून येतं, आणि मग अंगणात बसून कुठला दरवाजा कसा उघडला ते मला समजावून सांगतं. पिळगावची एक मुलगी अशी आहे की तिचं ऐकून मी पुन्हा तोच गेम काढला, कारण अर्ध्या वाटा मी पाहिल्याच नव्हत्या.

डिजिटलमध्ये हे जमत नाही. एका घरात जमतं, हे मात्र सांगायला हवं. पीएस५ वर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू ठेवलंस की तू घेतलेला गेम तुझा भाऊ त्याच मशीनवर स्वतःच्या खात्यातून खेळू शकतो, इंटरनेट नसलं तरी. म्हणजे उंबरठ्याच्या आत डिजिटलने काही बिघडत नाही. तुझे मामेभाऊ मात्र वाळपईला राहतात. त्यांच्या घरी मशीन आलं की तुला त्यांना काय देता येणार, याचा विचार आत्ताच कर.

जुने गेम टिकण्याचाही मोठा प्रश्न आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत. निन्टेन्डो कंपनीने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, पण जो गेम फक्त तिथेच होता तो आता नव्या माणसाला विकत मिळणार नाही. आमच्या वाचनालयातले कितीतरी जुने दिवाळी अंक कुणीतरी माळ्यावर जपून ठेवले होते म्हणून आज वाचायला मिळतात. गेमच्या बाबतीतही असं जपणारं कुणीतरी लागतं.

बुरशीचं: मित्र खोटं बोलत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे काचेवर, चामड्यावर, पुस्तकावर बुरशी येते, डिस्कवरही पांढरट थर धरू शकतो. पण जपलं तर काही होत नाही. डब्या उभ्या ठेव, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नकोस, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि जूनआधी त्या बदल. पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्यायचं आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. सीडीला टूथपेस्ट लावायची जुनी युक्ती इथे अजिबात करू नकोस. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून त्यावर कडक लेप दिलेला असतो. तो घासून काढलास तर डिस्क गेलीच.

तेव्हा तू ड्राइव्हवालाच घे. ड्राइव्ह असलेल्या मशीनवर डिजिटल गेमही चालतात, उलट मात्र होत नाही. 'स्लिम' या पुढच्या मॉडेलच्या डिजिटलला नंतर वेगळा ड्राइव्ह जोडता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, आणि तो ड्राइव्ह तुझ्या दुकानदाराकडे मिळतो का ते आधी विचार. पीएस५ प्रो या वरच्या मॉडेलमध्ये तर डब्यात ड्राइव्ह येतच नाही, तेही बघून ठेव.

तारवटी_वास्को

ताईंनी सगळं नीट सांगितलंय, माझी फक्त दर्यावरची भर.

मी बोटीवर असतो. मधल्या दर्यात इंटरनेट घरच्यांशी बोलायला पुरलं तर नशीब, गेम उतरवण्याची बातच नको. म्हणून मी एकच गोष्ट बघतो: हे यंत्र इंटरनेटशिवाय चालतं का? माझ्याकडे स्विच आहे, निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन, सिंगापूरला घेतला, कारण निन्टेन्डो तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. त्याच्या पारंपरिक कार्डात बहुतेक वेळा पूर्ण गेम असतो, घातला की चालू. केबिनमधले आम्ही तिघे कार्डं बदलून घेतो आणि गोव्याहून निघताना कोण काय आणणार ते आधीच ठरवतो.

पण जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हापासून काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून येतात. कार्डात गेम नसतो. पहिल्यांदा तो डाउनलोड करावा लागतो आणि नंतर खेळतानाही कार्ड घातलेलंच लागतं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली ते लिहिलेलं असतं. बंदरावर घाईत घेणाऱ्या माणसाने ते वाचलंच पाहिजे, नाहीतर पुढचं बंदर येईपर्यंत कार्ड खिशात घेऊन फिरायचं.

लॅपटॉपवर खेळायचं असेल तर जीओजी हे ऑनलाइन दुकान बघा. तिथला गेम इन्स्टॉलरसकट आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, त्यावर नक्कल रोखणारं कुलूप नाही. डाउनलोड असूनही तो माझ्याजवळ राहतो, म्हणून मला ते दुकान फार आवडतं.

रात्रपाळी_पर्वरी

ताई, वहीची गोष्ट वाचून मी बायकोला वाचून दाखवली. माझ्या घरासाठी मी अजूनही डिजिटलच म्हणेन, आमच्याकडे ने-आण करणारं कुणी नाही. पण माशेलच्या भावासाठी ड्राइव्ह बरा, हे मान्य. ४० एमबीपीएसवर १०० जीबीचा गेम म्हणजे लाइन एकदाही न तुटता साडेपाच तास. झावळी पडली तर मग बघायलाच नको.

माशेल_ते_वेर्णा

सगळ्यांना देव बरें करूं. ड्राइव्हवाला घेतोय, बाबांना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं. भाऊ तर वही आणायला निघालाच.

ताई, शेवटचं एक. माझा काका दुबईला आहे, तो डिसेंबरात येताना डिस्क आणतो म्हणतो. तिकडची डिस्क इथल्या मशीनवर चालेल का? आणि वाळपईच्या पोरांना दिली तर त्यांना त्यांच्या खात्यावर खेळता येईल का?

वाचनालय_डिचोली

चालेल. पीएस५ च्या डिस्कना प्रदेशाचं कुलूप नाही, आणि डिस्क कुठल्याही खात्यावर खेळता येते, खेळताना ती मशीनमध्ये असली की झालं. अडचण येते ती जोडभागांची. गेमचा पुढचा भाग किंवा जादा खेळाडू तू भारतीय खात्यावरून विकत घेतलेस तर ते दुबईच्या डिस्कशी जुळतीलच असं नाही, डिस्क आणि जोडभाग एकाच प्रदेशाचे लागतात. म्हणून काकांकडून असे गेम मागव ज्यांत सगळं डिस्कवरच आहे. जोडभाग घ्यावे लागतील असे गेम इथेच घे. आणि जपलेली प्रगती ज्याच्या त्याच्या खात्यात राहते, म्हणजे पोरांनी डिस्क परत दिली तरी त्यांचा खेळ पुसला जाणार नाही. पुन्हा नेली की जिथे थांबले होते तिथून सुरू.