डॉगवूड वाळतंय... काढून टाकू की थांबू?

रानजाई:
आम्ही व्हर्जिनियात, ब्लू रिजच्या पायथ्याशी राहतो. मागच्या अंगणात जिथे रान सुरू होतं तिथे एक जुनं डॉगवूड आहे, एप्रिलमध्ये पानं यायच्या आधी असं फुलतं की अंधार पडल्यावरसुद्धा पांढरं दिसत राहतं. पण यंदा पानांवर तपकिरी डाग पडलेत आणि डागाला जांभळट कड आहे, खालच्या फांद्या वाळत चालल्यात आणि खोडावर सरळसोट फुटवे आलेत. झाडं कापणारा माणूस बघून गेला, म्हणाला काढा आणि कौसा (डॉगवूडचाच दुसरा प्रकार) लावा. मन होत नाहीये. कुणाला अनुभव?

कुंपणावरचा:
जांभळी कड, खालून वर वाळत जाणं आणि खोडावर फुटवे, तिन्ही एकत्र म्हणजे अँथ्रॅक्नोज या रोगाचाच संशय येतो. डिस्क्युला नावाची बुरशी. आधी पानं, मग डहाळ्या, मग त्या फुटव्यांतून खोडात शिरते आणि तिथे साल मरायला लागली की झाड वाचवणं कठीण. हिवाळ्यात बघा, मेलेली पानं गळून न पडता फांदीला लोंबत राहिली तर ती पण खूण. पण नुसत्या फोटोवर जाऊ नका, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी पानांच्या कडा करपतात, आणि पांढरी पावडर दिसली तर तो भुरी रोग, त्याने झाड रोडावतं पण मोठं झाड सहसा लगेच मरत नाही. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (शेती-बागकामाचा सल्ला देणारं ऑफिस) डहाळी नेऊन द्या, ते लॅबला पाठवतात.

जुनी_वही:
मेरीलँडच्या कॅटॉक्टिन पार्कमध्ये या रोगाने जे केलं ते वाचून पोटात कालवतं. १९७०च्या दशकाच्या शेवटी हा रोग पूर्वेला न्यूयॉर्क-कनेक्टिकटकडे आणि पश्चिम किनाऱ्यावर, दोन्हीकडे लक्षात आला, आणि १९८०च्या दशकात कॅटॉक्टिनच्या रानातली बहुतेक डॉगवूडं गेली. त्यातून जी थोडी तग धरून राहिली त्यातल्याच एकापासून टेनेसी विद्यापीठाने 'अपलाचियन स्प्रिंग' ही रोगाला दाद न देणारी जात काढली.

आणि हे नुसतं शोभेचं झाड नाहीये हो. पानांत कॅल्शियम भरपूर, ती गळून पटकन कुजतात आणि ते वरच्या मातीत परत येतं. शरद ऋतूत जी लाल फळं लागतात त्यात चरबी चिक्कार, दक्षिणेकडे निघालेले थ्रश पक्षी त्यावर तुटून पडतात. व्हर्जिनियाचं तर १९१८ पासून राज्यफूल आणि १९५६ पासून राज्यवृक्ष, दोन्ही मान याच झाडाला.

मिरची_ठेचा:
भावना ठीक आहेत पण मेलेलं झाड बघत बसण्यापेक्षा कौसा काय वाईट? रोगाला जास्त टिकतो, फुलं उशिरा येतात पण टिकतात. रटगर्स विद्यापीठाने तर दोन्हींचा संकर करून जाती काढल्यात, त्या लावा की.

जुनी_वही:
@मिरची_ठेचा, अंगणापुरतं म्हणाल तर मान्य. पण कौसा मूळचा पूर्व आशियातला, फळ चांगलं गुबगुबीत, इथल्या छोट्या पक्ष्यांच्या चोचीत मावणारं नाही. आणि एप्रिलच्या निष्पर्ण रानातला तो पांढरा थर त्याच्याकडून मिळत नाही, तो पानं आल्यावर फुलतो.

रानजाई:
धन्यवाद सगळ्यांना! झाड मोठ्या ओकच्या सावलीत आहे, सकाळी उशिरापर्यंत दव असतं. याचा संबंध असेल का?

कुंपणावरचा:
असेल का काय, तोच तर मुद्दा आहे! या बुरशीला गारवा, ओल आणि सावली लागते. म्हणूनच दाट रानात, ओढ्याकाठी झाडं पटापट गेली आणि मोकळ्या उन्हातली बरीच उभी आहेत. स्मोकी डोंगरांत जिथे वणवे लागून गेले होते तिथे रान मोकळं राहिल्याने डॉगवूड जास्त टिकले, असंही पाहण्यात आलंय. तेव्हा लगेच करवत नको. ओकच्या खालच्या दोन-चार फांद्या काढून ऊन-वारा येऊ द्या, डॉगवूडच्या वाळक्या डहाळ्या आणि खोडावरचे फुटवे कोरड्या दिवशी छाटा, गळलेली पानं गोळा करून तिथून लांब टाका. स्प्रिंकलरचं पाणी पानांवर नको, मुळाशी द्या, मुळं वरवर असतात म्हणून दुष्काळात पटकन मान टाकतं. लॉनचं नायट्रोजनवालं खत जवळ नको, त्याने फुटवे अजून वाढतात. बुंध्याला लॉन मोवर लागू देऊ नका, जखमेतून बोरर (खोड पोखरणारी अळी) शिरतो. मल्च (भुसा-पालापाचोळ्याचं आच्छादन) टाका पण खोडाला चिकटवू नका. बुरशीनाशक कळ्या फुटताना मारावं लागतं आणि दरवर्षी, मोठ्या झाडाला परवडत नाही.

खोडाची साल मात्र आधी बघा. फुटवे जिथून निघालेत तिथे नखाने खरवडा, आत हिरवं निघालं तर वर सांगितलेलं सगळं करा, आणि चारी बाजूंनी तपकिरी निघालं तर त्या झाडं कापणाऱ्या माणसाला फोन लावा.