निशाचर, दिवाभीत, पिंगळा : रात्रीचे पक्षी आणि त्यांच्या नावाची माणसं

रात्री जागणाऱ्याला आपण सरसकट 'घुबड' म्हणून मोकळे होतो. नाशिकच्या आसपास रात्री वावरणारे पक्षी मात्र अनेक आहेत आणि प्रत्येकाची रात्र वेगळी आहे. ज्यांना हे पक्षी नेहमी दिसतात त्यांनी लिहावं : पक्षी कोणता, ओळखायचा कसा, त्याचं नाव कुठल्या माणसाला शोभतं. शकुन-अपशकुन नकोत, पाहिलेलं लिहा.

जुनं नाशिक
पिंगळा म्हणजे छोटं घुबड. त्याची रात्र दोन टोकांची असते. दिवस मावळला की तासभर गडबड, मग पहाटे उजाडायच्या आधी पुन्हा. मैनेपेक्षा थोराड, करड्या अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. जुन्या वडा-पिंपळाच्या ढोलीत किंवा वाड्याच्या भिंतीतल्या भोकात जोडीने राहतो. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून दिव्याभोवतीचे किडे टिपतो. माणूस दिसला की डोकं खाली-वर करून टक लावतो.

पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन दारी येणाऱ्या पिंगळा जोशांना हे नाव मिळालं ते या पक्ष्यावरूनच. त्याची भाषा त्यांना कळते, अशी समजूत आहे. वेळही दोघांची एकच. म्हणून चार वाजता उठून अभ्यासाला बसणाऱ्या पोराला पिंगळा म्हणा. रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणाऱ्याला हे नाव देऊ नका.

निफाड, द्राक्षबाग
शेतकऱ्याच्या कामाची म्हणाल तर गव्हाणी, म्हणजे गव्हाणी घुबड. पांढरट अंग, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, आवाज म्हणजे खरखरीत किंचाळी. दोन कान वर-खाली असल्याने पूर्ण अंधारातही नुसत्या खसफसीवरून उंदीर पकडते. बसायच्या जागेखाली काळपट, चकचकीत गोळ्या सापडतात. एखादी पाण्यात भिजवून फोडा, उंदरांच्या कवट्या मोजता येतात.

तिने बागेत राहावं म्हणून घरट्यासाठी लाकडी पेटी लावायची असेल तर माप नीट घ्या. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट उंच. भोक पाच-सहा इंचांचं आणि तळापासून दीड फूट वर. बहुतेक जण भोक खाली ठेवतात, मग पिल्लं तोंडाशी येऊन खाली पडतात. तळाला निचऱ्याची बारीक छिद्रं हवीत. तोंड पश्चिमेला नको, दुपारी पेटी भट्टीसारखी तापते. जमिनीपासून बारा-पंधरा फूट वर, वर्दळ नसलेल्या बाजूला. अंडी चार ते सात, उबवायला महिनाभर, त्यानंतर पिल्लं उडायला साधारण दोन महिने. तेवढ्या काळात पेटी उघडायची नाही.

सगळ्यात मोठा घात उंदरांच्या औषधाने होतो. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, गव्हाणीला आधी तोच सापडतो आणि विष तिच्या पोटात जातं. पेटी आणि हे औषध एका बागेत ठेवू नका. विजेची पाळी रात्रीची असताना पाणी भरणारा आणि थंडीत द्राक्ष वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवणारा माणूस, ही खरी गव्हाणी मंडळी.

पंचवटी
निफाडच्या लेखनाला एक जोड. दिवसा घुबडाला दिसत नाही, हे साफ चूक आहे. ते लपतं कारण दिसलं की कावळे, साळुंक्या, कोतवाल गोळा होऊन त्याला हैराण करतात. तेव्हा 'दिवाभीत' या नावात तथ्य आहे, 'आंधळं' म्हणण्यात नाही. आणि कुणाला हिणवायला घुबड म्हणणं थांबवा. अपशकुनी ठरवल्यामुळेच हे पक्षी दगड खातात आणि दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी पकडले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार घुबड पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे.

नांदूरमध्यमेश्वर
रातढोकरी, बगळ्याच्या कुळातली. दिवसभर झाडीत मान आखडून थव्याने बसलेली. अंधार पडू लागला की एकेक करून पाण्याकडे निघते आणि डोक्यावरून जाताना 'वाक्' असा एकच कोरडा आवाज देते. पाठ काळी, डोळे लाल. पिल्लू तपकिरी, ठिपक्याठिपक्याचं असतं. नवखे त्याला साधी ढोकरी समजून नोंद करतात, तिथेच मोजणी बिघडते. जाड चोच आणि पंखांवरचे पांढरे थेंब बघा. उडताना साध्या ढोकरीसारखे पांढरेशुभ्र पंखही उघडत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या तिसऱ्या पाळीला हेच नाव शोभेल : दिवस बुडाला की निघायचं, उजाडताना परत.

सिन्नर
रातवा दिसण्याआधी ऐकू येतो. काचेची गोटी फरशीवर टाकल्यासारखं : 'चक्, चक्, चक्-चक्-चकर्र'. घरटं नाही, उघड्या माळावर दोन अंडी. हा पक्षी रस्त्यावर बसतो आणि समोरून दिव्याचा झोत आला की दिपून तिथेच राहतो. पुढे डांबरावर तांबडा निखारा चमकला तर तो त्याचा डोळा. वेग कमी करा, दिवे खाली घ्या, दोन-तीन सेकंदांत उडेल. हॉर्न वाजवून उपयोग नाही. रात्री भाजीपाला घेऊन मुंबईकडे निघणारे चालक म्हणजे रातवे. त्यांनीच हे आधी लक्षात घ्यावं.

येवला
संक्रांतीच्या पतंगांनंतर तारांवर, झाडांवर मांजा लटकत राहतो आणि तिन्हीसांजेला उडणारे पिंगळे, गव्हाण्या, रातढोकऱ्या त्यात अडकतात. मांजा ओढू नका, पंखाची कातडी फाटते. पक्ष्यावर जाड टॉवेल टाका, आधी पाय धरा, कारण घुबड चोचीपेक्षा नखांनी जास्त जखम करतं. मांजा दोन्ही बाजूंनी कापा, पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. दूध, पोळी, चोचीत पाणी, काहीही नको. पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी मरतो. वनविभागाला 1926 वर कळवा.

मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पिंगळ्याचं पिसं फुटलेलं, धडधाकट पिल्लू दिसलं तर घरी आणू नका. त्याच झाडाच्या उंच फांदीवर ठेवून लांब व्हा. आई-बाप तिथेच भरवतात.